गगन घेऊ की अतिथी?

घरात रबरबँड जमतात ना, तसे किस्से जमतात. मुद्दाम विकत कोणीच आणत नाही. एक मिठाईच्या बॉक्सबरोबर येतो, एक पेपरच्या गुंडाळीबरोबर, आणि एक दिवस ड्रॉवर उघडावा तर मूठभर निघतात! परवा मुलीने सहज विचारलं, "आई, चेन्नईला तू बँकेत नेमकं काय करायचीस गं?" मी सांगायला बसले आणि चहा दोनदा गरम करावा लागला.

तर ऐका. मी मूळची मिरजेची. नवरा संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत, चेन्नईजवळच्या आवडी गावात. हो, गावाचं नावच आवडी! दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. विमानाची तिकिटं नुकतीच स्वस्त व्हायला लागली होती, आणि चेन्नईत दर तिसऱ्या घरातलं एक पोर अमेरिकेत होतं. मला एका खासगी बँकेच्या मैलापूर शाखेत नोकरी लागली. काम एकच. प्रवास करणाऱ्यांसाठी बँकेने दोन भारी क्रेडिट कार्डं काढली होती. त्यातलं कुठलं घ्यावं हे लोकांना सुचेना, म्हणून त्यांना सांगायला एक टेबल ठेवलं होतं.

एक कार्ड 'गगन'. खर्च केला की पॉइंट मिळायचे, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट. दुसरं 'अतिथी'. त्यात पॉइंट कमी, पण एअरपोर्टवरच्या लाउंजमध्ये बसायला-खायला मिळायचं, आणि वर्षातून एकदा एका तिकिटावर दुसरं फुकट. त्याला आम्ही 'सोबत्याचं तिकीट' म्हणायचो. ऐकायला सोपं वाटतं ना? लोक अर्धा अर्धा तास बसायचे!

टेबलावर आम्ही तिघं. वसंता मॅडम, आमच्या मॅनेजर, चेन्नईच्याच, नियमाला पक्क्या. सेतुराव, पन्नाशीचे, तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज दोन-तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. 'मला'ला ते अजून 'मजला' म्हणायचे आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायचे. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून त्यांनी वसंता मॅडमना सांगितलं, "बाई चांगल्या आहेत. मराठी तेवढं अजून यायचं आहे!" तिसरी मी.

* * *

सुरुवातीला मला तमिळचा गंध नव्हता. आवडीतल्या शेजारणीकडून मी कामापुरते शब्द शिकून घेतले होते. "फुकटला काय म्हणतात?" असं तिला विचारलं, तर ती म्हणाली, "सुम्मा." झालं. पाठ केला.

दुसऱ्याच दिवशी सेतुराव रजेवर, मॅडम मीटिंगमध्ये, आणि माझ्यासमोर एक रिटायर्ड हेडमास्तर येऊन बसले. पांढरं धोतर, हातात छत्री. त्यांनी ब्रोशर पुढे केलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून तमिळमध्ये विचारायला लागले.

"लाउंज?"

"सुम्मा!" मी झोकात म्हणाले.

"दुसरं तिकीट?"

"सुम्मा!"

"इन्शुरन्स?"

"सुम्मा, सर! सगळं सुम्मा!"

हेडमास्तरांनी चष्मा काढला. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हसता हसताच त्यांनी फॉर्मवर सही केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले. मला वाटलं, काय छान जमलं आपल्याला!

मॅडम बाहेर आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, सुम्मा म्हणजे फुकट, बरोबर आहे. पण सुम्मा म्हणजे 'उगीच' पण! 'गंमत केली' पण! तू त्यांना सांगितलंस की लाउंज उगीच, तिकीट उगीच, सगळं उगीच!"

मी गार. दुसऱ्या दिवशी घाबरत घाबरत हेडमास्तरांना फोन लावला आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, भाषेची चूक झाली. तुम्हाला फॉर्म परत हवा असेल तर..."

ते म्हणाले, "अजिबात नाही. मी चार बँका फिरलो. हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं सगळं उगीच असतं, हे सांगणारी तू पहिलीच!"

* * *

टेबल सुरू झालं ते तीन महिन्यांच्या बोलीवर. तेवढ्यात पुरेसे ग्राहक आले नाहीत तर टेबल बंद, आणि मी घरी, कारण माझी नोकरी त्या टेबलापुरतीच होती. दोन महिने होऊन गेले, तरी आकडा काही हलेना. मॅडम रोज सकाळी कॅलेंडरकडे बघायच्या.

अशात एक दिवस जॉर्ज टाउनमधले कागदाचे मोठे व्यापारी आले, दुरैसामी त्यांचं नाव. बसतानाच म्हणाले, "सगळ्यात भारी कार्ड कुठलं? दोन्ही द्या. माझ्या सगळ्या भावांना पण द्या!" मॅडमचे डोळे चमकले. मी तर मनातल्या मनात नोकरी पक्की करून टाकली.

सेतुरावांची मात्र एक सवय होती. ते ब्रोशर उघडायच्या आधी विचारायचे, "जाता कोठे?"

"महिन्यातून दोनदा मदुरै."

"विमानाने?"

दुरैसामी दचकले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "विमानाने कसा जाईन? मला भीती वाटते. सगळ्या भावांना वाटते. आमच्यात कोणीच बसलेलं नाही."

"आणि पुढे बसणार?"

"छे छे! रेल्वे आहे की!"

सेतुरावांनी दोन्ही ब्रोशर मिटली. "मग हे तुमच्या कामाचं नाही. साधं कार्ड घ्या. फी नाही, भीती नाही."

दुरैसामी साधं कार्ड घेऊन गेले. ते जिना उतरेपर्यंत मॅडमनी दम धरला. मग जे सुरू झाल्या! माझं तमिळ त्या दहा मिनिटांत जेवढं वाढलं तेवढं वर्षभरात वाढलं नसेल. सेतुराव एवढंच म्हणाले, "मॅडम, ते विमानात बसले नसते, आणि वर्षभराने फी भरताना मजला शिव्या दिल्या असत्या."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आपलं काही खरं नाही.

पाचव्या दिवशी जॉर्ज टाउनहून एक जाड पाकीट आलं. आत दुरैसामींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली बाजारातल्या व्यापाऱ्यांची यादी. चाळीसच्या वर नावं, फोन नंबरासकट. प्रत्येक नावापुढे एक शेरा. 'भीत नाही.' 'भीत नाही.' 'भीत नाही, पण बायको भिते.' 'आधी भीत होता, आता नाही.' शेवटी लिहिलं होतं, 'या सर्वांना मी सांगितलं आहे की तिथे एक माणूस आहे, तो नको असेल तर नको म्हणतो.'

टेबल राहिलं. माझी नोकरीही राहिली. मॅडमनी ती यादी काचेखाली लावली, आणि त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर पेन्सिलीने एक जास्तीचा रकाना आला. 'भीती: आहे / नाही.'

* * *

हा अगदी छोटा. अड्यारहून एक जोडपं आलं होतं. काकू सगळं बारकाईने विचारत होत्या, काका शेजारी बसून घाम पुसत होते. दोन्ही कार्डांवर विमान अपघाताचा विमा होता, पण रक्कम वेगवेगळी.

काकूंनी विचारलं, "म्हणजे यांना काही झालं, तर मला जास्त कुठल्या कार्डावर मिळतील?"

मी म्हणाले, "गगनवर."

काका पहिल्यांदाच बोलले. "ताई, अतिथी द्या!"

* * *

रेल्वेतून रिटायर झालेले एक इंजिनियर होते, शेषाद्री सर. मुलगी अमेरिकेत, पहिलं बाळंतपण व्हायचं होतं, आणि दोघा नवरा-बायकोला जायचं होतं. सरांनी दोन्ही ब्रोशर घरी नेली. आठवड्याने आले ते ग्राफ पेपर घेऊन! आडव्या रेघेवर महिने, उभ्या रेघेवर पॉइंट, लाल शाईत गगन, निळ्या शाईत अतिथी. "दोन्ही रेषा सोळाव्या महिन्यात एकमेकींना छेदतात," ते मला समजावून सांगत होते. "पण दुधाचा खर्च कार्डावर टाकता आला, तर चौदाव्या!"

मी म्हणाले, "सर, दूधवाला कार्ड घेत नाही."

"ते मी गृहीत धरलेलं नाही," असं म्हणून ते परत गेले.

महिनाभराने आलेख पूर्ण झाला, आणि त्याच आठवड्यात बँकेने पॉइंटचे नियम बदलले. सरांना सांगताना मला रडू यायचं बाकी होतं. सर मात्र खूश! "हरकत नाही. नवीन ग्राफ पेपर आणतो." एक-दोन नाही, सहा महिने चाललं. मध्ये आणखी एकदा नियम बदलले. सर दर वेळी नव्या उत्साहाने हजर!

मग एक दिवस त्यांच्या मिसेस एकट्याच आल्या. मोगऱ्याचा गजरा, हातात भाजीची पिशवी. त्यांची मैलापूरच्या शाळेतल्या टीचरची पेन्शन होती, खातं आमच्याकडेच होतं. बसल्या, गगनचा फॉर्म मागितला, दोन मिनिटांत भरला आणि उठल्यासुद्धा.

मी म्हणाले, "मॅडम, सरांना विचारलंत का? त्यांचं गणित अजून..."

"त्यांना सांगू नका हं," त्या घाईने म्हणाल्या. "नातू व्हायच्या आत तिकीट काढायला हवं, म्हणून मी हे केलं. पण त्यांचं गणित चालू राहू दे. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच ते सकाळी माझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत!"

* * *

स्टाफ म्हणून मलाही दोन्ही कार्डं मिळाली होती. मी दोन वर्षं पॉइंट साठवले आणि माझ्या सासूबाईंना पुण्याहून विमानाने बोलावलं. सत्तरीच्या, पहिलाच विमानप्रवास. येताना कोणीतरी सोबत होतं. जाताना मी स्वतः एक दिवस रजा काढली, माझंही तिकीट काढलं आणि त्यांना पोचवायला निघाले. म्हटलं, आयुष्यभर लोकांना लाउंज विकतेय, एकदा घरच्या माणसाला दाखवूया.

लाउंजमध्ये गार हवा, मऊ कोच, मांडून ठेवलेलं खाणं. सासूबाई दारातच थबकल्या. "कोणाचं लग्न आहे गं?"

"कोणाचं नाही आई, हे आपल्यासाठीच आहे. काहीही घ्या."

"आणि पैसे?"

"द्यायचे नाहीत. कार्डावर आहे."

त्यांनी एक इडली घेतली. मग हळूच उपमा घेतला. मग एक गुलाबजाम घेतला, माझ्याकडे बघितलं आणि दुसरा घेतला. मी पेपर वाचत बसले. पाच मिनिटांनी मान वर केली तर आई जागेवर नाहीत!

इकडे बघ, तिकडे बघ. शेवटी बाथरूमच्या बाजूला गलका ऐकू आला. धावत गेले तर आई बेसिनपाशी पदर खोचून उभ्या, हातात ताट, आणि लाउंजची युनिफॉर्ममधली मुलगी ते ताट ओढतेय. "पाटी, नको! पाटी, प्लीज!" पाटी म्हणजे आजी. आई काही ताट सोडायला तयार नाहीत.

मी म्हणाले, "अहो आई, ठेवा ते. धुवायला त्यांची माणसं आहेत."

आई माझ्यावरच उखडल्या. "तुला नाही समजायचं. फुकट खाऊन उष्टं ताट ठेवून जायचं? उद्या परत यायचं झालं तर कुठल्या तोंडाने येऊ?"

ती मुलगी मला इंग्रजीत विचारत होती, काय म्हणतायत? मी सांगितलं. तिने ताट सोडलं, नळ सुरू केला आणि आईंनी धुतलेलं ताट स्वतः पुसून घेतलं. विमानाची घोषणा झाली तशी ती आम्हाला गेटपर्यंत पोचवायला आली. आईंनी जाताना तिच्या गालावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "चांगल्या घरची वाटते. लग्न झालंय का विचार."

* * *

लग्नावरून आठवलं. अरुण नावाचा एक सॉफ्टवेअरमधला मुलगा आला. घाईत होता. "मॅडम, अतिथी द्या. रविवारी मुलगी बघायला जायचंय. लग्न ठरलंच तर सोबत्याचं तिकीट लगेच उपयोगी पडेल!"

आम्ही हसलो. वसंता मॅडमनी सहज विचारलं, "कोण मुलगी?"

त्याने उत्साहाने सगळं सांगितलं. चित्रा नाव, तिरुवान्मियूरला राहते, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग फॉर्म बदलला. "तू गगन घे."

मी आणि सेतुराव एकमेकांकडे बघायला लागलो. त्या महिन्यात वरून अतिथी खपवायचा आग्रह होता. मॅडम स्वतः सकाळीच आम्हाला त्यावरून बोलल्या होत्या!

अरुण म्हणाला, "पण मॅडम, सोबत्याचं तिकीट..."

"माझं ऐक. गगन घे."

त्याने एकही अट न वाचता पाच ठिकाणी सह्या केल्या आणि पळाला. आम्ही कारण विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ग्राहकाची माहिती मी कोणाला सांगत नाही." आता यात कुठला ग्राहक? आम्हाला काही कळेना.

तीन महिन्यांनी लग्नपत्रिका आली. वर अरुण, वधू चित्रा. पत्रिका टेबलावर ठेवून सेतुराव एकदम थांबले, उठले, कपाट उघडलं आणि जुन्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. अरुण येऊन गेला त्याच्या आदल्याच आठवड्यात चित्राने अतिथी घेतलं होतं!

"म्हणून गगन!" मी ओरडलेच. "तिच्याकडे सोबत्याचं तिकीट होतंच! पण मॅडम, लग्न जमेल याची तुम्हाला काय खात्री होती?"

मॅडम पत्रिकेला कुंकू लावत म्हणाल्या, "ती मुलगी तीन पानं अटी शब्दन् शब्द वाचून, दोन चुका काढून गेली होती. हा न वाचता सह्या करत होता. यापेक्षा चांगली जोडी तू बघितली आहेस का?"

* * *

आता गोविंदरावांचं सांगते आणि संपवते.

मैलापूरच्या देवळामागच्या एका गल्लीत दोन भाऊ राहायचे. सेतुरावांसारखेच तंजावरकडचे मराठी. थोरले गोविंदराव खाली, धाकटे गोपाळराव वर. घर एक, दार एक, जिना एक, पण बोलणं बंद. किती वर्षांपासून, ते सेतुरावांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना तर त्या गल्लीतल्या मांजरांचीसुद्धा माहिती असायची. दोघंही साठीच्या पुढचे. त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगतेय, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही.

पहिल्यांदा गोविंदराव आले तेव्हा ब्रोशरकडे बघितलंच नाही. विचारलं, "वरच्याने कुठलं घेतलंय?"

"ते सांगता येत नाही, सर."

"मग सांगू नका. त्याने घेतलं नसेल ते द्या."

सेतुराव म्हणाले, "अहो, सांगितलं तरी नियम मोडतो आणि दिलं तरी मोडतो!" शेवटी गोविंदरावांनी स्वतःच अतिथी घेतलं.

खरी गंमत पुढेच झाली. तिकडे नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात, आणि ही दोन्ही नावं 'ग'ची. त्यामुळे दोघांच्याही कार्डावर आलं 'आर. जी. राव'. पत्ता एकच. कुरियरवाला खालच्या दारात जो भेटेल त्याला पाकीट द्यायचा. वरच्यांचं पाकीट हातात आलं की गोविंदराव शर्ट घालून, छत्री घेऊन, भर उन्हात आमच्या शाखेत यायचे आणि टेबलावर ठेवायचे. "हे माझं नाही." आम्ही ते पुन्हा कुरियरने पाठवायचो. त्याच घरी! दुसऱ्या महिन्यात गोपाळराव यायचे. "हे माझं नाही." आम्ही परत पाठवायचो. मधलं अंतर बारा पायऱ्यांचं. आमच्याकडून मात्र पाकीट अख्खं मैलापूर फिरून जायचं.

एकदा मी न राहवून म्हणाले, "सर, येता-जाता जिन्यात ठेवलं तरी..."

गोविंदरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फाइल शोधायला लागले.

अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस गोविंदराव आले ते पाकिटाशिवाय. सेतुरावांनी कॉफी मागवली. कॉफी संपल्यावर गोविंदराव म्हणाले, "दिल्लीला बहीण असते आमची. नातवाची मुंज आहे. तिने फोन केला होता. म्हणाली, दोघं येणार असाल तर या, नाहीतर एकानेही येऊ नका."

त्यांनी कप बाजूला सरकवला.

"सोबत्याचं तिकीट आहे ना माझ्या कार्डावर? ते कोणालाही चालतं?"

"कोणालाही चालतं," मी म्हणाले. "फक्त फॉर्मवर त्यांचं नाव आणि त्यांची सही लागते."

"सही लागतेच?"

"लागतेच, सर."

त्यांनी फॉर्म घेतला, सोबत्याच्या जागी सुबक अक्षरात 'गोपाळराव' लिहिलं आणि माझ्याकडे परत दिला. "हा कुरियरने पाठवा त्याला."

मॅडमनी स्वतः पाकीट बंद केलं. वर मोठ्या अक्षरात 'वरचा मजला' असं लिहून अधोरेखित केलं.

चौथ्या दिवशी गोविंदराव हजर. चेहरा लाल. "तुमच्या कुरियरवाल्याने पाकीट परत मलाच दिलं!"

मी पटकन म्हणाले, "सॉरी सर, द्या इकडे. आजच पुन्हा पाठवते."

"नको." त्यांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. "मीच दिला वर जाऊन."

सेतुरावांनी हळूच विचारलं, "काय म्हणाले?"

"पेन मागितलं."

मी फॉर्म उघडला. सही होती. मी घाईघाईने पुढचे रकाने भरायला घेतले. तारीख, वेळ, जेवण. मग सीटचा रकाना आला. मी जपूनच विचारलं, "सर, दोन्ही सीट शेजारी-शेजारी मागू, की वेगवेगळ्या?"

"वेगवेगळ्या," ते ताबडतोब म्हणाले.

मी लिहायला लागले. दोन अक्षरं झाली असतील.

"थांबा. वेगवेगळ्या घेतल्या तर त्याला खिडकी मिळेल का?"

"सांगता येत नाही, सर. शेजारच्या दोन घेतल्या तर त्यातली एक नक्की खिडकीची मागता येईल."

गोविंदरावांनी खुर्चीला टेकवलेली छत्री उचलली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि खाली बघत म्हणाले, "मग शेजारीच लिहा. खिडकी त्याला. मला मधली चालते."